हातवाल्या सिस्टर आणि सत्काराची शाल

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. हातवाल्या सिस्टर आधी त्याच्या हातांकडे पाहायच्या. तोंडाची पाळी नंतर, आणि हात पसंत पडले नाहीत तर तीही यायची नाही. पोलादपूरच्या आमच्या वृद्धाश्रमाच्या पायरीवर त्या उभ्या असायच्या, पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच हुकूम, "हात दाखवा." एकदा वरंधचा एक गृहस्थ आपल्या मावशीला भेटायला आला. त्याला वाटलं, बाई भविष्य सांगतात. त्याने उजवा तळवा पुढे केला आणि हळूच विचारलं, "पोराच्या नोकरीचं काय दिसतंय?" सिस्टरांनी त्याचा हात उलटा करून नखं पाहिली. "नोकरीचं काही दिसत नाही, तंबाखू दिसतोय. तो नळ, तो साबण. धुऊन या आणि नोकरीचं मावशीला विचारा."

त्या दिवसापासून त्या हातवाल्या सिस्टर झाल्या. खरं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सरकारी दवाखान्यात जन्मभर नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. माहेर महाडजवळच्या बौद्धवाडीतलं, वडील शाळामास्तर. नवरा लवकर गेला, मुलगी पुण्याला. पोलादपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सकाळी आमच्या आश्रमात, आणि दुपारनंतर गावात: कुणाला इंजेक्शन, कुणाची जखम बांधायची, कुठे बाळंतिणीची चौकशी. बाया त्यांना खिडकीतून हाक मारायच्या, त्या रस्त्यातूनच उत्तर द्यायच्या, आणि अर्ध्या आळीला कुणाच्या घरी काय दुखतंय ते कळायचं.

पुढे ही हाक बंद झाली. ती का बंद झाली ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. आजही बाजारपेठेत त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आश्रमात खरूज आणली ती बाई ना?" हे खोटं आहे. खरूज मी आणली. मी तेव्हा आश्रमाचा व्यवस्थापक होतो, सगळे मला अण्णा म्हणत, आणि माझ्याविषयी गावात फार चांगलं मत होतं. ते मत मला इतकं आवडायचं की मी गप्प राहिलो. आता वय झालं, मताचं ओझं वाटायला लागलं आहे. पण आधी सिस्टर कशा होत्या ते सांगतो, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

त्या आश्रमात आल्या त्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. हात धुण्याच्या जागी मी एक जाड, फुलाफुलांचा नॅपकिन हौसेने टांगला होता. सिस्टरांनी तो चिमट्याने उचलला. "अण्णा, हा काय प्रकार?"

"हात पुसायला."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

"वा! म्हणजे सगळ्यांनी साबण लावून हात स्वच्छ धुवायचे आणि मग एका फडक्यावरून एकमेकांची घाण वाटून घ्यायची. त्यापेक्षा धुतले नाहीत तरी चालेल, निदान ज्याची त्याच्यापाशी राहील."

मग प्रत्येकाला वेगळा टॉवेल आला आणि प्रत्येकाच्या टॉवेलला वेगळ्या रंगाचं बटण. वाचता न येणाऱ्यांनाही ओळखता यावं म्हणून बटणं सिस्टरांनी स्वतः शिवली. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांच्या वाट्याला लाल बटण आलं, तर ते रुसून बसले. आयुष्यभर लाल शाईने पोरांना नापास केलं होतं, रोज सकाळी टॉवेलवर लाल ठिपका पाहून त्यांना आपलाच पेपर तपासून आल्यासारखं वाटायचं. सिस्टरांनी न बोलता उसवून निळं लावून दिलं.

याच गुरुजींनी एकदा गंमत म्हणून म्हटलं, "सिस्टर, तुमचं हे धुणं-पुसणं पाहून मला माझी आजी आठवते. तिच्या सोवळ्याला कुणी शिवायचं नाही."

व्हरांड्यात सगळे हसले. सिस्टरही हसल्या, पण हातातली पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या आजीला लोक वरून पाणी वाढायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. मी हात धुवायला लावते ते उलट्या कारणासाठी. धुतला की मग कुणालाही धरा. तुमची पाठ कोण चोळतं रोज? मीच ना? आणा ती पाठ इकडे." गुरुजींनी निमूट सदरा वर केला. मला वाटतं, त्या दिवसापासून ते त्यांचे भक्त झाले.

त्या चुकतही असत, आणि चुकल्या की जोरात चुकत. एकदा स्वच्छतेच्या भरात त्यांनी गुरुजींची कवळी उकळत्या पाण्यात टाकली. कवळी बाहेर आली ती वाकडी होऊन. गुरुजी ती लावून बोलले तर शब्द एका बाजूने बाहेर पडायचे. महाडहून नवी येईपर्यंत सिस्टरांनी रोज भाकरी दुधात कुस्करून स्वतः त्यांच्यापुढे ठेवली, आणि गुरुजी रोज विचारायचे, "आज काय उकळलंत?"

आता शालीकडे येतो. आमच्या आश्रमात सत्काराची एक शाल होती. कुणी मोठा माणूस आला की त्याच्या खांद्यावर ती घालायची, हातात नारळ द्यायचा. पाहुण्याने दोन शब्द बोलायचे आणि जाताना मोठ्या मनाने म्हणायचं, "ही शाल आश्रमालाच राहू द्या." मग पुढच्या पाहुण्याला तीच. तालुक्यातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी त्या एका शालीत सन्मानित झालेली होती. मधल्या दिवसांत ती माझ्या खोलीत असायची. दुपारी जेवण झालं की मी ती पांघरून आडवा होत असे. संध्याकाळी कुणा म्हाताऱ्याला हुडहुडी भरली की मीच ती मायेने त्याच्या अंगावर घालायचो. शाल धुवायची असते हे कधी डोक्यात आलं नाही. सत्काराची वस्तू, ती कशी मळेल?

त्या वर्षी गणपतीला मी गावी गेलो. माझं गाव शिवथरच्या बाजूला. मुंबईचे सगळे आले होते. आमच्याकडे गणपतीत कुणाची गोधडी कोणती असं काही नसतं. ओटीवर जाजम पसरायचं, एका ओळीत झोपायचं, आणि पहाटे थंडी वाजली की शेजाऱ्याच्या अंगावरची ओढून घ्यायची. मजेत दिवस गेले. परत आल्यावर काही आठवड्यांनी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मला वाटलं डास. मग कमरेला सुटली. तरी मला डासच वाटत राहिले, कारण दुसरं काही मानायची माझी तयारी नव्हती. व्यवस्थापकाला खरूज? ती तर पोरासोरांना होते.

याच सुमारास, नवरात्रात, जनाआजी आश्रमात आली. वरंधच्या वर डोंगरावरच्या वाडीतली. गुरं राखण्यात आयुष्य गेलेलं, नवरा वारलेला, लेक मुंबईत एका खोलीत पाच माणसं घेऊन राहणारा. आली तेव्हा अंगात पातळ चोळी आणि विरलेलं लुगडं. पहिल्याच संध्याकाळी मी माझ्या हाताने ती शाल तिच्यावर घातली. तिने शाल चाचपून विचारलं, "कुणाची रे ही?" मी म्हणालो, "आपलीच."

थंडी पडू लागली तसा सगळा आश्रम खाजवायला लागला. आम्ही सगळे चोरून खाजवायचो. गुरुजी खांबाला पाठ घासायचे आणि व्यायाम म्हणायचे. आश्रमाचे अध्यक्षसाहेब, ज्यांचा वाढदिवस आम्ही दिवाळीत शाल घालून साजरा केला होता, ते बोलता बोलता खिशात हात घालून मांडी खाजवायचे. एकटी जनाआजी उघड, मोकळेपणी, कराकरा खाजवायची. त्यामुळे सगळ्यांना लगेच कळलं की खरूज कुणी आणली. डोंगरावरची, गुरांत राहिलेली, दुसरं कोण असणार?

सिस्टरांनी "कुणी आणली" हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. कर्मचाऱ्यांनी जनाआजीचं नाव घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाला आधी झाली हे विचारायला लागलात ना, की सगळे हात पाठीमागे लपवतात. मग मला दिसायचं काय? कुठे खाजतं तेवढं सांगा." मी तर केव्हाचेच हात लपवले होते. पाहुण्यांना लांबूनच नमस्कार करायचो. शेवटी एका सकाळी त्यांनी मला कोठीच्या खोलीत गाठलं.

"अण्णा, हात."

"डास चावलेत हो."

"डास काय बोटांच्या बेचक्यात बसून चावतात? सोडा ती मूठ." त्यांनी बोटं फाकवून पाहिली. "कधीपासून?"

"गणपतीनंतर."

"आणि दुपारी झोपता ती शाल पांघरून." त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "हा रोग आहे, गुन्हा नाही. महाडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलंय, बरा होतो. पण उद्या कमिटीची बैठक आहे आणि त्या म्हातारीला परत पाठवायचं चाललंय. वर तिचं छप्पर पडलंय, तुम्हाला माहीत आहे. सांगाल ना सगळ्यांना?"

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

बैठक व्हरांड्यात झाली. सगळे एकमेकांपासून लांब लांब बसलेले. अध्यक्षसाहेबांनी सुरुवातच केली, "त्या बाईला तिच्या माणसांच्या ताब्यात द्या. आश्रमाचं नाव खराब होतंय." जनाआजी दाराशी उभी होती. तिला बोलावलं नव्हतं, पण तिच्याविषयीच बोलणं आहे हे तिला कळत होतं. तिने आपलं गाठोडंही बांधून आणलं होतं. मी उठायला हवं होतं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "अण्णा, तुमचं काय मत?" आणि मी म्हणालो, "आपण म्हणाल तसं."

तेव्हा सिस्टर उठल्या. "साहेब, त्या बाईने नाही. मी आणली."

"तुम्ही?"

"मग? दिवसभर गावात कुणाकुणाच्या जखमा बांधत फिरते. माझ्याशिवाय कोण आणणार? ते झालं. आता ऐका. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. ज्याला खाजतं त्यानेही आणि ज्याला खाजत नाही असं जो म्हणतो त्यानेही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत. साहेब, तुम्हीही. नाहीतर पुढच्या महिन्यात आपण इथेच बसू आणि असेच खाजवू."

त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "मग आता चहा घेऊ या." त्या बैठकीतलं माझं बोलणं एवढंच.

औषधाचा दिवस मात्र मी जन्मात विसरणार नाही. सकाळपासून चादरी, कपडे, टॉवेल मोठ्या हंड्यात उकळले. ते सगळं कुंपणावर, गोठ्याच्या पत्र्यावर, जागा मिळेल तिथे उन्हात पडलं होतं. सत्काराची शाल पहिल्याच हंड्यात गेली आणि बाहेर आली ती एखाद्या लहान मुलाला होईल एवढी. संध्याकाळी बायका एका दालनात, पुरुष दुसऱ्यात. बायकांच्या दालनातून जनाआजीचा आवाज आला, "काय गो बाय, लगीन हाय का माजं, हलद लावतंस ती?" झालं! कुणीतरी हळदीचं गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. इकडे गुरुजी मला म्हणाले, "अण्णा, आपण नवरदेवाकडचे. आपणही काहीतरी म्हणायला हवं." अध्यक्षसाहेब बनियन काढून पाठीला औषध लावून घेत होते, तेही हसायला लागले. आठवड्याने दुसरा फेरा झाला. खरूज गेली. जनाआजीचं गाठोडं सिस्टरांनी स्वतः सोडलं.

पण बैठकीतली गोष्ट व्हरांड्यात राहिली नाही. आठ दिवसांत बाजारपेठेत पोचली. खिडकीतून हाका येईनाशा झाल्या. एका बाळंतिणीच्या सासूने तर त्यांना दारातूनच म्हटलं, "नको हो सिस्टर, लहान जीव हाय घरात." सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "दुपारी हल्ली झोप मिळते, अण्णा. बरंय." पुढच्या उन्हाळ्यात मुलगी घ्यायला आली आणि त्या पुण्याला गेल्या. एसटीत चढताना कंडक्टरने तिकिटासाठी अंगठ्याला थुंकी लावली. त्यांनी सामान तसंच खाली ठेवलं आणि त्याला पाण्याची बाटली दिली. गाडी त्या हात धुण्यापायी उशिरा सुटली. आम्ही सगळे हसत निरोप देत होतो. मी सगळ्यांत जास्त हसत होतो, कारण मला सुटल्यासारखं वाटत होतं.

पुढे करोना आला. बाहेर लोकांना हात धुवायला शिकवावं लागत होतं, आमच्या म्हाताऱ्यांना त्याचं नवल वाटायचं. जनाआजी टीव्हीकडे बघून विचारायची, "म्हंजे आजपोत ही मानसं धूत नव्हती?" त्या दिवसांत मला रोज सिस्टर आठवायच्या, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आश्रम चांगला सांभाळल्याबद्दल मलाच शाबासकी द्यायचं.

गेल्या थंडीत मी पुण्याला गेलो. सिस्टर आता फारशा चालत नाहीत, ऐकायलाही कमी येतं. दार उघडलं तसं त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "हात?" मी धुऊन आलो आणि त्यांच्या पायाशी बसलो. सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं निम्मंच आठवलं.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं.

"घेतलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग भांडण, मग चौकशी, आणि औषध राहिलं असतं बाजूला. मला त्या आठवड्यात औषध लावायचं होतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला तर! त्या सासूने दारातून परत पाठवलं ना, त्या दिवशी मी घरी येऊन रडले. मी मनावर घेतलं नव्हतं असं ऐकायला आला असाल तर ते मिळणार नाही." मग त्या हसल्या. "पण मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जनाआजीला सांगितलंत?"

"तिच्यावरचा आळ तर तेव्हाच गेला."

"गेला का? विचारा तिला."

परत आल्यावर मी आधी अध्यक्षसाहेबांकडे गेलो, कारण ते सोपं होतं. ते म्हणाले, "म्हणजे बायकोने मला महिनाभर माडीवर झोपवलं ते तुमच्यामुळे?" मग म्हणाले, "लिहा. गावात सगळ्यांना कळू दे. माझं नाव मात्र घालू नका."

मग जनाआजीकडे. ती अजून आश्रमातच आहे, डोळ्यांनी अधू पण जीभ शाबूत. तिची नात मुंबईहून अधूनमधून येते, पाचेक वर्षांची लेक घेऊन. जनाआजी त्या पणतीला कधी जवळ घेत नसे. पोर खाटेशी आली की ही पाय आखडून भिंतीकडे सरकायची. बिस्कीट द्यायचं तरी हातात द्यायची नाही, चटईवर ठेवायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी तऱ्हेवाईक आहे.

मी तिच्या खाटेशी बसून सांगितलं, "आजी, ती खरूज मी आणली होती. सिस्टर खोटं बोलल्या."

"खोटं बोलली ते मला ठावं हाय. माज्यासाठी बोलली."

"तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी. तुला माझ्याकडनंच झाली होती. त्या शालीतनं."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने मला अशा शिव्या दिल्या की सगळा व्हरांडा गोळा झाला. "मेल्या! इतकी वर्सं! मी म्हनत होते, माज्या रगतातच हाय ती, कवा पन भाईर येल. पोरीला शिवले नाय रे मी!" गुरुजी काठी टेकत आले होते, ते तिला गप्प करायला लागले. मी त्यांना थांबवलं. तिचं झाल्यावर तिने विचारलं, "मंग माज्यात कायच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"आताबी नाय?"

"नाही."

गेल्या रविवारी नात आणि पणती आल्या. जनाआजी सकाळपासून चटईवर मांडी घालून बसली होती, नवं लुगडं नेसून, पदर सावरत. पोर दाराशी दिसली तशी तिने दोन्ही हात पसरले. "ये गो, बस माज्या मांडीवर."

पोर आली नाही. तिला ही म्हातारी लांबूनच माहीत होती. ती आईच्या पाठीमागून बघत राहिली. नात तिला पुढे ढकलायला लागली, तर जनाआजीने हाताने नको म्हटलं. बऱ्याच वेळाने पोर स्वतःहून निघाली, एकेक पाऊल टाकत गुडघ्यापाशी आली, हातातलं अर्धं बिस्कीट तिच्या मांडीवर ठेवलं आणि पळून गेली.

मी खाली मान घालून बसलो होतो. जनाआजीने बिस्कीट चाचपलं, उचललं, तोंडात टाकलं.

"येल," ती चावता चावता मला म्हणाली. "आज गुडग्यापोत तर आली."